एका खोलीत मावणारी मल्टिजिम : आराखडा कसा करावा

घरात ठेवण्याजोग्या मल्टिजिमचा आराखडा करायला बसलेला माणूस बहुधा सांगाड्यापासून सुरुवात करतो. पाइप कोणता घ्यायचा, उंची किती ठेवायची, हे आधी ठरते आणि त्यात शरीर कसे बसणार हा विचार शेवटी येतो. हा क्रम उलटा करावा असे माझे ठाम मत आहे. आधी माणसाची हालचाल कागदावर उतरवावी, मग त्या हालचालीपर्यंत केबल कशी पोहोचेल हे ठरवावे, आणि या दोन्ही गोष्टी जागच्या जागी धरून ठेवण्यापुरताच सांगाडा आखावा. पाइप बारीक केल्याने यंत्र आटोपशीर होत नाही. ते होते अनावश्यक हालचाली गाळल्याने आणि वजनांच्या एकाच चळतीकडून अनेक कामे करून घेतल्याने.

एकाच सांगाड्याभोवती अनेक व्यायाम जुळवण्याची कल्पना हॅरॉल्ड झिंकिन यांनी १९५७ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे ‘युनिव्हर्सल’ यंत्राच्या रूपाने लोकप्रिय केली. त्या यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी व्यायाम करावा अशी योजना होती. घरात मात्र एका वेळी एकच माणूस व्यायाम करतो. एवढी एक गोष्ट मान्य केली की चळत एकच पुरते आणि यंत्राची जागा व वजन दोन्ही निम्म्याहून कमी होतात.

हालचाली आणि मापे

चार हालचाली निवडाव्यात : वरून खाली ओढणे, म्हणजे लॅट पुलडाउन, छातीसमोर ढकलणे, म्हणजे चेस्ट प्रेस, खालच्या पुलीवरून स्वतःकडे ओढणे, ज्यात सीटेड रो आणि बायसेप कर्ल दोन्ही येतात, आणि बसून पाय सरळ करणे, म्हणजे लेग एक्स्टेन्शन. लेग प्रेस मी मुद्दाम वगळतो. पायांचे मोठे स्नायू दमवायला वजन भरपूर लागते, त्यामुळे चळत आणि सांगाडा दोन्ही वाढतात, शिवाय पाय लांब करायला पुढे वेगळी जागा द्यावी लागते. ज्यांना पायांचा जड व्यायाम हवा आहे त्यांनी बैठकांची सोय वेगळी करावी. ती या यंत्रात कोंबू नये.

आता घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी अशा दोन व्यक्तींची मापे घ्यावीत. भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसवून बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची, हात वर ताणून मुठीपर्यंतची उंची, बैठकीच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे अंतर आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची लांबी, ही चार मापे पुरेशी आहेत. सरासरी उंचीच्या माणसावर आराखडा बेतला तर घरातल्या दोघांपैकी कोणालाच तो नीट बसत नाही. दोन टोकांच्या मापांवर आराखडा बेतावा आणि मधला फरक बैठक ५० मि.मी.च्या टप्प्यांनी वरखाली करून भरून काढावा.

उंचीचा हिशेब येथेच होतो. बैठक जमिनीपासून ४५० मि.मी.वर आहे आणि बसलेल्या माणसाची वर ताणलेली मूठ बैठकीपासून १२५० मि.मी.वर येते असे धरले, तर दांडा १७०० मि.मी.वर लोंबायला हवा. दांड्याची कडी, हुक आणि केबलच्या टोकाचा अडथळा मिळून सुमारे २०० मि.मी. जातात, म्हणून वरची पुली १९०० मि.मी.वर येते आणि यंत्राची एकूण उंची २०५० ते २१०० मि.मी. होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असते, त्यामुळे हे यंत्र खोलीत बसते. तरीही जागा ठरवताना छताकडे पाहून घ्यावे. माळा, फॉल्स सीलिंग आणि विशेषतः छताचा पंखा यांची खरी उंची फुटपट्टीने मोजावी. यंत्राच्या माथ्याशी हात नेऊन केबल दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या आवाक्यात पंख्याचे पाते येता कामा नये.

केबलचा मार्ग

या यंत्राचे सगळे मर्म केबलच्या मार्गात आहे, म्हणून येथे घाई करू नये. एका चळतीवरून तीन ठिकाणी, म्हणजे लॅटचा दांडा, प्रेसचा हात आणि खालची मूठ येथे, ओढ पोहोचवायची आहे (लेग एक्स्टेन्शन खालच्या मुठीच्याच केबलवर चालते), आणि एका ठिकाणी ओढताना बाकीची दोन ठिकाणे शांत राहायला हवीत. हे काम दोन केबल आणि त्यांच्यामध्ये अधांतरी राहणारी एक पुलीजोडी मिळून करतात. एका छोट्या पत्र्याच्या चौकटीत एकाखाली एक अशा दोन पुल्या बसवलेल्या असतात. या चौकटीला मी पुढे ‘तरंगती जोडी’ म्हणतो.

पहिली केबल चळतीच्या मधल्या दांड्यापासून (पिन घातली की निवडलेल्या पट्ट्या याच दांड्याबरोबर वर उचलल्या जातात) निघते, माथ्यावरच्या पुल्यांवरून जाऊन खाली उतरते, तरंगत्या जोडीच्या वरच्या पुलीखालून वळसा घेऊन पुन्हा माथ्याकडे जाते आणि पुढच्या पुलीवरून लॅटच्या दांड्याला मिळते. दुसरी केबल चेस्ट प्रेसच्या हातापासून निघते, मागच्या खांबावरच्या पुलीवरून तळाशी उतरते, तळाच्या पुलीखालून वर येऊन तरंगत्या जोडीच्या खालच्या पुलीवरून वळसा घेते, पुन्हा तळाशी जाते आणि तेथून पुढे येऊन खालच्या मुठीला मिळते. लॅटच्या दांड्याजवळ आणि खालच्या मुठीजवळ केबलवर एकेक रबरी गोळा घट्ट बसवलेला असतो. तो पुलीच्या चौकटीला अडकतो, त्यामुळे ते टोक आत खेचले जात नाही. प्रेसच्या हाताला असाच रबरी ठोकळ्याचा अडथळा असतो.

आता एकेक हालचाल तपासून पाहावी. लॅटचा दांडा ओढला की दुसरी केबल दोन्ही टोकांना अडकलेली असल्याने तरंगती जोडी हलत नाही. पहिली केबल तिच्या वरच्या पुलीखालून नुसती सरकते आणि दांडा जितका खाली येतो तितकीच चळत वर जाते. खालची मूठ ओढली की तरंगती जोडी त्या अंतराच्या निम्मे खाली उतरते. पण पहिल्या केबलचे दोन पदर या जोडीवर असल्यामुळे चळत जोडीच्या दुप्पट वर जाते, म्हणजे पुन्हा मुठीइतकीच. प्रेसच्या हाताबाबतही तेच. बलाच्या बाजूने पाहिले तरी हिशेब जुळतो : जोडीला वर ओढणारे दोन पदर प्रत्येकी चळतीच्या वजनाइतके ताणलेले असतात आणि खाली ओढणारेही दोनच पदर असल्याने त्यांच्यावरही तेवढाच ताण येतो. तिन्ही ठिकाणी निवडलेले वजन आणि केबलवरचा ताण घर्षण वगळता सारखा राहतो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि त्या आराखड्यात हमखास सुटतात. पहिली, तरंगत्या जोडीला खाली उतरायला मोकळी जागा हवी. खालची मूठ १.४ मीटर ओढली जाईल असे धरले तर जोडी ७०० मि.मी. खाली येते, तिच्या वाटेत बैठकीचा आडवा पाइप आला तर यंत्र मध्येच अडेल. दुसरी, जे ठिकाण वापरात नाही त्याच्या अडथळ्यावर पूर्ण वजन येते. लॅट ओढताना प्रेसच्या हाताचा रबरी ठोकळा संपूर्ण भार सोसत असतो, म्हणून तो पातळ पट्टीवर दोन स्क्रूंनी लावून भागत नाही. त्याच्यासाठी सांगाड्याला जोडलेली किमान ६ मि.मी. जाडीची पट्टी हवी.

कोणाला वाटेल की चळतीच्याच माथ्यावर एक पुली लावून एकाच केबलची दोन टोके वर आणि खाली काढली तर काम सोपे होईल. ते सोपे होते हे खरे; पण त्यात हाताला निम्मेच वजन लागते, त्यामुळे ५० किलोच्या व्यायामासाठी १०० किलोची चळत भरावी लागते. दोन्ही हातांनी मोठ्या कमानीत हालचाली करायच्या असतील तेथे ही रचना चांगली आहे. छोट्या खोलीतल्या या यंत्रासाठी मी तरंगत्या जोडीचीच शिफारस करीन.

केबलसाठी ७ पेडांची, प्रत्येक पेडात १९ तारा असलेली गॅल्व्हनाइज्ड वायर रोप घ्यावी; ती लवचीक असते. ४.८ मि.मी. व्यासाची अशी रोप सुमारे १९०० किलोच्या ताणाला तुटते, ३.२ मि.मी.ची सुमारे ९०० किलोला. १०० किलोच्या वजनासाठी पहिलीत जवळपास १९ पट आणि दुसरीत ९ पट सुरक्षितता आहे. इतकी कशाला, असे वाटू शकते. पण व्यायामयंत्राची केबल एका झटक्यात तुटत नाही. पुलीवरून हजारो वेळा वाकून तिच्या तारा एकेक करून तुटत जातात, आणि ती तुटते तेव्हा माणसाचे डोके बरोबर दांड्याखाली असते. म्हणून मी ४.८ मि.मी.चीच निवडीन. तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण असावे. पुलीचा व्यास रोपच्या व्यासाच्या किमान १८ पट, म्हणजे येथे ८६ मि.मी.हून जास्त हवा. ९० ते ११५ मि.मी.च्या, बॉल बेअरिंग असलेल्या नायलॉनच्या पुल्या योग्य ठरतात. खाचेचे माप आवरणासहित केबलच्या जाडीशी जुळवावे. टोके यंत्राने दाबून बसवलेल्या स्लीव्हचीच असावीत. यू-क्लॅम्प कसून केलेले टोक सततच्या हलण्याने सैल होते.

चळत

पोलादी पट्टी २८० × १०० × २५ मि.मी. मापाची कापली आणि तिला दोन गाइड रॉडसाठी (चळत ज्यांच्यावरून सरळ वरखाली सरकते ते उभे दांडे) व मधल्या दांड्यासाठी २८ मि.मी.ची तीन भोके पाडली, तर तिचे वजन साधारण ५ किलो १०० ग्रॅम भरते. अशा १५ पट्ट्यांची चळत ३७५ मि.मी. उंच होते आणि सुमारे ७५ किलोची असते. बहुतेक घरांना ती पुरेशी आहे. मात्र सांगाडा आणि केबल १०० किलोच्या हिशेबाने ठरवाव्यात, कारण पट्ट्या पुढे वाढवल्या जातातच. गाइड रॉड २५ मि.मी. व्यासाचे, हार्ड क्रोम केलेले घ्यावेत आणि पट्ट्यांच्या बाहेरच्या भोकांत नायलॉनच्या बुश बसवाव्यात. लोखंडावर लोखंड घासले की आवाजही येतो आणि क्रोमही उडतो.

चळतीखाली जाड रबराचे दोन बंपर हवेतच. वजन आपटल्याचा आवाज आपल्यापेक्षा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना जास्त ऐकू येतो. चळतीच्या चारी बाजूंना, ती जितकी वर जाते तितक्या उंचीपर्यंत, जाळीदार पत्र्याचे किंवा पारदर्शक शीटचे आवरण करावे आणि पिन घालण्यापुरतीच फट ठेवावी. ज्या घरात लहान मूल आहे तेथे हे आवरण लावल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये. वर उचललेल्या पट्ट्यांखालच्या मोकळ्या जागेत मुलाचे बोट सहज जाते.

सांगाडा

आता पाइपकडे यावे. ५० × ५० मि.मी.चा, ३ मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप या कामाला योग्य आहे. तो आयएस ४९२३ या मानकाप्रमाणे बनवलेला असल्याची खात्री करून घ्यावी. सर्वांत जास्त ताण माथ्यावरून पुढे आलेल्या लॅटच्या आडव्या पाइपाला असतो, म्हणून निदान त्याचा हिशेब करून पाहावा. हा पाइप खांबापासून ६०० मि.मी. पुढे आला आहे आणि त्याच्या टोकाशी १०० किलोचे, म्हणजे ९८१ न्यूटनचे बल खाली ओढते आहे असे धरले, तर मुळाशी वाकवणारे बलाघूर्ण सुमारे ५,८९,००० न्यूटन-मि.मी. येते. ३ मि.मी. जाडीच्या पाइपात त्यामुळे सुमारे ७१ मेगापास्कल ताण निर्माण होतो आणि टोक सुमारे १.७ मि.मी. झुकते. २ मि.मी. जाडीच्या पाइपात हाच ताण १०० च्या घरात जातो. वजन झटक्याने उचलले किंवा अचानक सोडले की बल दुप्पट धरावे लागते. त्या मानकातील सर्वांत खालच्या प्रतीचे पोलाद २१० मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. म्हणजे २ मि.मी.चा पाइप अगदी कड्यावर उभा राहतो, ३ मि.मी.चा दीडपट सुरक्षित राहतो, आणि कोपऱ्यात तिरकी पट्टी जोडली की चिंताच उरत नाही. बैठकीच्या आणि तळाच्या भागांत मात्र २.५ मि.मी. जाडी चालते.

प्रेसचा हात वरच्या धुरीवरून खाली लोंबतो. धुरीपासून मूठ ७५० मि.मी.वर आणि केबलचे टोक ५०० मि.मी.वर असेल तर हाताला निवडलेल्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश इतकेच बल लागते. हे चूक नाही, पण वापरणाऱ्याला माहीत असायला हवे. म्हणून त्या ठिकाणचे खरे वजन पट्ट्यांवर वेगळ्या रंगात लिहावे. लेग एक्स्टेन्शनची धुरी बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, सांध्याच्या अक्षाशी येते की नाही, हे पाठीचा टेकू मागेपुढे करून जुळवता आले पाहिजे. ही धुरी पुढे किंवा मागे राहिली तर रोलर नडगीवर घासत वरखाली सरकतो, आणि गुडघ्यावर नको त्या दिशेने ताण येतो. या एका कारणाने मी पाठीच्या टेकूला किमान चार जागा देण्याचा आग्रह धरतो.

जमिनीवरच्या भाराचीही गोष्ट करू. तळ १.१ × १.७ मीटर, यंत्र सुमारे २०० किलो आणि वापरणारा ९० किलोचा धरला तर दर चौरस मीटरला सुमारे १५५ किलो येतात. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ मध्ये दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलोचा भार धरलेला असतो. सरासरी मर्यादेत आहे. पण चळत मागे एकवटलेली असल्यामुळे भार सारखा पसरत नाही. म्हणून यंत्राची मागची बाजू भिंतीशी, शक्यतो बीमजवळ ठेवावी, आणि खाली १८ मि.मी. प्लायवूड व त्यावर रबरी चटई अंथरावी. खोलीच्या मधोमध, फरशीवर चार बारीक पायांवर ते उभे करू नये.

वर्कशॉपमध्ये

फॅब्रिकेटरकडे जाताना प्रत्येक भागाचे वेगळे रेखाचित्र न्यावे. कोणताही भाग २१०० मि.मी.हून लांब आणि दोन माणसांना न पेलणारा असू नये; तो इमारतीच्या लिफ्टमधून किंवा जिन्याच्या वळणातून न्यायचा आहे. त्यामुळे मुख्य सांधे वेल्डिंगऐवजी १० किंवा १२ मि.मी.च्या बोल्टचे ठेवावेत आणि नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असल्याने सहज सैल न होणारे, घ्यावेत.

गाइड रॉडच्या बाबतीत एक पद्धत मी कधीही सोडत नाही. वरच्या आणि खालच्या धारक पट्ट्या एकावर एक ठेवून, टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरत्या जोडून, दोन्हींना एकदमच ड्रिल करावे. वेगवेगळी भोके पाडली तर रॉडमधले अंतर वर आणि खाली एक-दोन मि.मी.ने वेगळे येते, आणि मग चळत अर्ध्या वाटेवर अडकू लागते. रॉड बसवल्यावर सर्वांत वरची एकच पट्टी हाताने वर नेऊन सोडून पाहावी; ती स्वतःच्या वजनाने तळापर्यंत सरळ घसरली पाहिजे. अडकली तर धारक पट्टीचे बोल्ट सैल करून पुन्हा जुळवावे. कानस घेऊन भोके मोठी करू नयेत.

पुल्यांचे कंस वेल्ड करताना केबल एका पुलीतून दुसऱ्या पुलीत तिरकी शिरणार नाही याकडे लक्ष द्यावे. दोरा ताणून रेषा पाहिली की हे लगेच कळते. कोकणात आणि गोव्यात, जेथे हवेत खारेपणा असतो, तेथे पावडर कोटिंगच्या आधी पाइपाची उघडी टोके झाकावीत आणि तळाच्या पाइपांना खालून छोटी भोके ठेवावीत; पाइपात साचलेला ओलावा आतून गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

चाचणी

केबल बसवून तिची लांबी जुळवणे हे शेवटचे नाजूक काम आहे. चळतीच्या टोकाशी असलेला स्क्रू फिरवून केबल इतकी ताणावी की तिच्यात ढिलाई उरणार नाही, पण सर्वांत वरची पट्टी खालच्या पट्टीवर पूर्ण टेकलेलीच राहील. मग पिन घालून पाहावी. बोटाच्या हलक्या धक्क्याने ती आत जायला हवी. अडखळली तर केबल जास्त ताणली आहे आणि मधल्या दांड्याची भोके पट्ट्यांच्या भोकांशी जुळत नाहीत. दांडा ओढल्यावर आधी थोडी पोकळ हालचाल जाणवली तर ती सैल आहे.

माणूस बसण्याआधी सांगाड्याला ठरवलेल्या कमाल वजनाच्या दुप्पट भार द्यावा. लॅटच्या आडव्या पाइपाच्या टोकाला वाळूची पोती टांगून, माणसे लांब उभी करून, अर्धा तास तसेच ठेवावे आणि काढल्यावर आडव्या पाइपाच्या टोकाची उंची पुन्हा मोजावी. ती आधीच्या इतकीच आली पाहिजे. विक्रीसाठी यंत्र करायचे असेल तर एवढ्यावर थांबता येणार नाही. आयएसओ २०९५७ या मानकाचा सर्वसाधारण सुरक्षेचा पहिला भाग आणि ताकदीच्या यंत्रांचा दुसरा भाग मिळवून त्याप्रमाणे तपासणी करून घ्यावी.

घर्षण मोजायला टांगण्याचा डिजिटल काटा पुरतो. ३० किलोवर पिन लावून, मुठीच्या जागी काटा अडकवून हळूहळू ओढावे आणि आकडा पाहावा. मग तितक्याच हळू सोडताना पुन्हा पाहावा. ओढताना ३३ आणि सोडताना २७ दिसले तर घर्षण दहा टक्के आहे, आणि ते चालण्यासारखे आहे. फरक याहून बराच जास्त असेल तर एखादी पुली तिरकी बसली आहे किंवा तिचे बेअरिंग खराब आहे. एकेक पुली हाताने फिरवून ती शोधावी. हे आकडे तिन्ही ठिकाणांसाठी तारखेसह आवरणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावेत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत. त्याच वेळी केबल संपूर्ण लांबीभर, विशेषतः टोकांच्या स्लीव्हपाशी आणि वारंवार वाकणाऱ्या भागात, नीट पाहावी. आवरणाला चीर गेली असेल किंवा आतली एक जरी तार बाहेर आलेली दिसली, तर ती केबल त्याच दिवशी उतरवून नवी बसवावी.